दार उघडं, उंबरा उंच: ओपनऑफिसचं लिबरऑफिस होताना

२८ सप्टेंबर २०१० रोजी ओपनऑफिस डॉट ऑर्ग या फुकट मिळणाऱ्या ऑफिस सॉफ्टवेअरच्या (लेखन, स्प्रेडशीट वगैरे) प्रकल्पातल्या काही जुन्या मंडळींनी 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' नावाची संस्था जाहीर केली. डाउनलोड करून चालवून बघता येईल अशी बीटा आवृत्तीही त्याच दिवशी ठेवली. नाव दिलं लिबरऑफिस. हे नाव तूर्तास आहे असंही सांगून टाकलं, कारण 'ओपनऑफिस' हा ब्रँड तेव्हा ज्या कंपनीच्या मालकीचा होता त्या ओरॅकलने तो संस्थेला द्यावा आणि स्वतःही सदस्य म्हणून यावं, असं आमंत्रण त्याच घोषणेत होतं.

ओरॅकल आली नाही. तूर्तासचं नाव कायमचं झालं.

ओपन सोर्स प्रकल्प, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो असा, वाढतो कशाने, असा विषय निघाला की मला हे प्रकरण आठवतं. कोड तोच, तारीख तीच आणि गट दोन. एकाकडे प्रसिद्ध नाव, संकेतस्थळ आणि कोट्यवधी वापरकर्ते. दुसऱ्याकडे नवं, उच्चारायलाही थोडं अडखळायला लावणारं नाव आणि मूठभर माणसं. मुद्दाम ठरवून असा प्रयोग कुणाला करता आला नसता. ही गोष्ट सहसा 'दुष्ट कंपनी आणि शूर समुदाय' अशी सांगितली जाते. ती मला अर्धीच खरी वाटते, कारण ओरॅकल हे निमित्त होतं. दुखणं त्याआधी दहा वर्षांपासून मुरत होतं: कोड खुला होता, परवाना खुला होता, तरी बाहेरून आलेला माणूस आत टिकत नव्हता.

कोड खुला झाला तेव्हा

हा कोड मूळचा जर्मनीतला. स्टार डिव्हिजन नावाच्या कंपनीने १९८०च्या दशकात लिहायला घेतलेलं स्टारऑफिस. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये ही कंपनी विकत घेतली आणि १३ ऑक्टोबर २००० रोजी कोड जगासमोर ठेवला. पहिली पक्की आवृत्ती, १.०, मे २००२ मध्ये आली. विकास करणारी मुख्य टीम मात्र हॅम्बर्गचीच राहिली, आणि त्याच कोडावर उभं असलेलं स्टारऑफिस सन पैसे घेऊन विकतही राहिली.

यात लपवाछपवी काहीच नव्हती. सनने पगार देऊन माणसं बसवली नसती तर हा प्रकल्प दोन वर्षंही तगला नसता, हे आधी मान्य करायला हवं. पण कोडाचा परवाना एका दिवसात बदलला आणि टीमची कामाची पद्धत आदल्या दिवशीचीच राहिली. ती पद्धत एका उत्पादन विकणाऱ्या कंपनीची होती आणि त्या कामाला ती साजेशीच होती. बाहेरच्या माणसासाठी तिचा अर्थ काय व्हायचा, ते बघण्यासारखं आहे.

समजा तुम्हाला स्प्रेडशीटमधली एक बारीक चूक सापडली आणि ती दुरुस्त करून द्यायची आहे. पहिली पायरी म्हणजे करारपत्र. ते छापायचं, सही करायची आणि फॅक्सने किंवा टपालाने पाठवायचं. त्यात लिहिलेलं असे की तुमच्या कोडाची मालकी आता तुमची आणि सनची, दोघांची. म्हणजे तुमचा कोड सन आपल्या बंद उत्पादनात घालू शकणार, पण सनचा कोड तुम्ही तसा वापरू शकणार नाही. असे करार करायला कारणं असतात. पुढे परवाना बदलायचा झाला किंवा कोर्टात उभं राहायची वेळ आली तर मालकी एका ठिकाणी असणं सोयीचं जातं, आणि काही प्रकल्पांत हे सचोटीने चालतंही. इथे खुपत होता तो एकतर्फीपणा. वजनकाटा एकाच्या हातात, आणि माप मात्र सगळ्यांनी घालायचं.

दुसरी पायरी 'चाइल्ड वर्कस्पेस'. प्रत्येक बदलासाठी मुख्य कोडाची वेगळी शाखा उघडायची, तिची वेगळी तपासणी व्हायची, गुणवत्ता बघणाऱ्याचा होकार मिळवायचा. बदल मोठा असेल तर आधी तपशीलवार आराखडाही लिहायचा. दहा जणांची टीम सहा महिने एका वैशिष्ट्यावर काम करणार असेल तर ही शिस्त उत्तम. एका ओळीच्या दुरुस्तीला मात्र ती हत्तीच्या अंबारीसारखी.

तिसरी पायरी बिल्डची, म्हणजे कोडातून चालणारा प्रोग्रॅम बांधण्याची. कोड उतरवून आपल्या मशीनवर बांधायला कित्येक तास लागायचे, आणि त्यासाठी 'डीमेक' नावाचं जुनं साधन लागायचं, जे एव्हाना इतर फारसं कुणी वापरत नव्हतं. कुठेतरी मध्येच अडलं की कारण शोधायला फाइल उघडावी, तर कोड समजावणाऱ्या टिपा जर्मनमध्ये.

एकेक पायरी सुटी बघितली तर क्षम्य वाटते. तिन्ही एकावर एक रचल्या की उंबरा छातीपर्यंत येतो.

ठिगळांचा वेगळा संसार

माणसं थांबली नाहीत. उंबरा ओलांडता येईना तेव्हा त्यांनी बाहेरच्या बाहेर वेगळी चूल मांडली. झिमियन आणि पुढे नोव्हेल या कंपन्यांतल्या डेव्हलपरांनी 'ओओओ-बिल्ड' नावाने पॅचेसचा, म्हणजे मूळ कोडात करायच्या बदलांचा, एक गठ्ठा सांभाळायला सुरुवात केली. मूळ कोड घ्यायचा, त्यावर आपले शेकडो पॅच चढवायचे आणि मग बांधायचं. २००७ पासून हेच 'गो-ओओ' नावाने ओळखलं जाऊ लागलं. डेबियन, उबुंटू, ओपनसुसे यांसारखी लिनक्स वितरणं (लिनक्सचे सॉफ्टवेअरसह तयार संच) वापरकर्त्यांना हेच देत होती. म्हणजे कित्येक वर्षं लिनक्सवर 'ओपनऑफिस' उघडणारा माणूस प्रत्यक्षात भरपूर ठिगळं लावलेली वेगळीच गोष्ट वापरत होता, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

एक किस्सा इथे बोलका आहे. स्प्रेडशीटसाठी एका डेव्हलपरने 'सॉल्व्हर' लिहिला. हवं ते उत्तर आणि पाळायच्या अटी सांगितल्या की कोणत्या खान्यात कोणती किंमत घालावी ते शोधून देणारं साधन. वर्षानुवर्षं मागणी असलेलं वैशिष्ट्य. कोड खुल्या परवान्याखाली होता, पण मालकीच्या करारावर गाडं अडलं. तो सॉल्व्हर मुख्य प्रकल्पात गेला नाही, आणि सनच्या टीमने स्वतःचा दुसरा सॉल्व्हर लिहायला घेतला. काम झालेलं होतं, तरी ते दुसऱ्यांदा करायचं ठरलं. हे ज्याने बाहेरून पाहिलं, त्याने आपल्या संध्याकाळी तिथे कशाला घालवाव्यात?

२००८ मध्ये नोव्हेलच्या मायकल मीक्स यांनी कमिटच्या, म्हणजे कोडात घेतलेल्या बदलांच्या, नोंदी मोजून आलेख मांडले. कोड लिहिणाऱ्यांत बहुतेक सनचे पगारी लोक, बाहेरचे अगदी थोडे, आणि एकूण आकडा उतरणीला लागलेला. प्रकल्प आजारी आहे असं त्यांनी उघडपणे लिहिलं. त्यावर वाद झाला. मीक्स प्रतिस्पर्धी कंपनीचे, तेव्हा त्यांचा हेतू शुद्ध कसा मानायचा, हा आक्षेप अगदीच गैर नव्हता. पण हेतू कसाही असला तरी मोजणी मोजणीच राहते. डाउनलोडचे आकडे फुगत होते त्याच काळात कोडाला हात लावणारी माणसं घटत होती. ओपन सोर्स प्रकल्पाची नाडी बघताना मी तेव्हापासून डाउनलोड आणि लोकांनी दिलेले पसंतीचे तारे बघणं सोडलं आहे. गेल्या वर्षभरात पहिल्यांदा आलेल्या किती जणांनी दुसऱ्यांदा कमिट केलं, तेवढंच मोजतो.

फुटण्याचा दिवस

ओरॅकलचा भाग थोडक्यात. एप्रिल २००९ मध्ये तिने सन ७.४ अब्ज डॉलरला घेत असल्याचं जाहीर केलं, आणि जानेवारी २०१० मध्ये व्यवहार पुरा झाला. ऑगस्ट २०१० मध्ये सनच्याच ओपनसोलारिस या ऑपरेटिंग सिस्टीमचा खुला विकास बंद पडला, आणि त्याच महिन्यात जावा या प्रोग्रॅमिंग भाषेवरून गूगलवर खटला दाखल झाला. ओपनऑफिसबद्दल कुणी काही बोलत नव्हतं, आणि सगळ्यांत बोचणारी गोष्ट तीच होती. प्रकल्पासाठी स्वतंत्र संस्था उभी राहील, हे आश्वासन २००० पासूनचं. दहा वर्षं ते कागदावरच पडून होतं.

सप्टेंबरच्या घोषणेला रेड हॅट, नोव्हेल, कॅनॉनिकल, गूगल, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन अशा अनेकांनी पाठिंबा दिला. त्यानंतर १४ ऑक्टोबरला ओपनऑफिसच्या समुदाय परिषदेची ऑनलाइन बैठक झाली. तीत नव्या संस्थेत सामील झालेल्या सदस्यांना ओरॅकलच्या बाजूने परिषद सोडायला सांगण्यात आलं. दोन्ही दरडींवर पाय ठेवता येणार नाही, हितसंबंधांचा संघर्ष होतो, हे त्यामागचं म्हणणं. नियमाच्या भाषेत ते बरोबरही असेल. पण परिषदेतले ओरॅकलचे नोकर तसेच राहणार होते. परिणाम उलटा झाला: जे अजून काठावर होते त्यांनाही बाजू घ्यावी लागली. ऑक्टोबर संपता संपता जर्मन भाषेच्या प्रकल्पातल्या ३३ जणांनी जाहीर पत्र लिहून ओपनऑफिस सोडलं. ही नुसती कोड लिहिणारी माणसं नव्हती. भाषांतर, तपासणी, मदतीची उत्तरं आणि कागदपत्रं सांभाळणारी होती. अशी माणसं गेली की घराचा आवाज जातो.

फोर्क (त्याच कोडावर फुटून निघालेला वेगळा प्रकल्प) २८ सप्टेंबरला जन्मला असं म्हणायची पद्धत आहे, पण ते फारसं खरं नाही. गो-ओओच्या रूपाने त्याची तालीम कित्येक वर्षं चालू होती. बांधायची यंत्रणा होती, पॅच होते, वितरणांशी रोजची ओळख होती. म्हणूनच मार्च ते मे २०११ या काळात ओपनसुसे ११.४, उबुंटू ११.०४ आणि फेडोरा १५ या तिन्हींनी एकापाठोपाठ एक लिबरऑफिस घेतलं. त्यांच्यासाठी हा बदल जवळजवळ डब्यावरची चिठ्ठी बदलण्याइतकाच होता. रागाच्या भरात एका रात्रीत फोर्क करून पुढच्या महिन्यात सगळे आपल्यामागे येतील असं मानणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा.

जर्मन टिपा

आता या प्रकरणातला माझा सगळ्यांत आवडता भाग.

नव्या मंडळींनी करारपत्र काढून टाकलं. त्याच्या जागी एक ईमेल: माझं आजवरचं आणि यापुढचं योगदान लिबरऑफिसच्या परवान्यांखाली वापरता येईल, एवढं एका वाक्यात लिहायचं. छापणं नाही, सही नाही, फॅक्स नाही. मालकी ज्याची त्याचीच. या एका बदलाचा न दिसणारा परिणाम असा की आता कुणा एकालाच, अगदी संस्थेलाही, सगळा कोड उचलून बंद करता येणार नव्हता. शेकडो मालक असलेली जमीन विकायला काढता येत नाही, तसंच.

मग आली 'ईझी हॅक्स'ची यादी. सोप्या कामांची यादी आज प्रत्येक प्रकल्पात असते, आणि बहुतेक ठिकाणी ती धूळ खात पडलेली असते. इथे तिची बांधणी वेगळी होती. प्रत्येक कामाच्या नोंदीत कोणत्या फाइलपासून सुरुवात करायची ते लिहिलेलं असे. कोणती भाषा यायला हवी, काम किती अवघड आहे आणि अडल्यास कुणाला विचारायचं, हेही. लिबरऑफिसच्या डोंगराएवढ्या कोडात 'हे बघ, इथून सुरू कर' हे वाक्यच निम्मं काम करून जातं. लेखनाच्या रायटरचं सगळं 'एसडब्ल्यू' नावाच्या फोल्डरमध्ये का, आणि स्प्रेडशीटच्या कॅल्कचं 'एससी'मध्ये का? तर स्टाररायटर आणि स्टारकॅल्क ही त्यांची जुनी नावं. हे कुणी सांगितल्याशिवाय कळायचं कसं?

यादीतलं एक काम होतं जर्मन टिपांचं इंग्रजी करण्याचं. कोडाच्या हजारो फाइलींत वीसेक वर्षांच्या टिपा पसरल्या होत्या. त्या हुडकून काढणारी छोटी स्क्रिप्टही कोडातच ठेवली होती: ती चालवायची, की कोणत्या ओळीत जर्मन दिसतंय ते सांगायची.

हे काम वरवर हमालीचं. पण ते करणाऱ्याचं काय होतं, ते बघा. त्याला सी++ ही कोडाची भाषा येत नसेल तरी चालतं. टिपेत 'आब्झात्स' दिसलं की तो 'परिच्छेद' असा अर्थ लावतो. पण टिप काय म्हणते हे नीट कळायला खालच्या चार ओळी वाचाव्याच लागतात. त्या चार ओळींत कसलीशी सुटी चौकट पानावर कुठे बसवायची याचा हिशेब चाललेला असतो. मग हळूच लक्षात येतं की रायटरच्या कोडात अशा चौकटींच्या नावात सगळीकडे 'फ्लाय' का येतं. असा तो नकळत कोड वाचायला लागतो. शिवाय भाषांतर पाठवायचं तर कोड उतरवावा लागतो, बांधून बघावा लागतो, पॅच बनवावा लागतो आणि कुणीतरी तो तपासतो. म्हणजे खऱ्या कामाचा अख्खा फेरा पूर्ण होतो, आणि टिप चुकली तरी प्रोग्रॅम मोडत नाही. पोहायला शिकवायला याहून उथळ पाणी कुठे मिळणार?

दुसरं तसंच काम मेलेला कोड काढायचं. रेड हॅटच्या केओलन मॅकनामारा यांनी 'कॉलकॅचर' नावाचं साधन लिहिलं होतं. कुणीच कधी हाक मारत नाही अशा फंक्शन्सची यादी ते काढून देतं. ती यादी कोडासोबत ठेवली जाई. एक नाव उचलायचं, ते खरंच कुठे वापरलेलं नाही ना याची खात्री करायची, काढून टाकायचं, पुन्हा बांधायचं. यादी एका ओळीने आखूड होते. आपण केलेला बदल डोळ्यांना दिसतो, आणि तोही त्याच संध्याकाळी.

पहिल्या काळात पॅच ईमेलने यायचे. विषयात 'पॅच' असं लिहायचं. तो तपासून कोडात गेला की त्याच विषयात 'पुश्ड' असा शब्द घालून उत्तर यायचं. अनोळखी माणसाने रात्री पाठवलेल्या दहा ओळींना सकाळी 'पुश्ड' मिळतं, तेव्हा त्याच्या मनात काय होत असेल हे ज्याचा पहिला पॅच कधी स्वीकारला गेला आहे त्याला सांगायला नको. माझा स्वतःचा पहिला पॅच, एका वेगळ्याच प्रकल्पातला, सात महिने पडून राहिला आणि मग एका यंत्राने 'हालचाल नाही' म्हणून बंद केला. मी तिथे परत गेलो नाही. पॅच चांगला होता की वाईट, हे मला आजही माहीत नाही.

आता मी एका छोट्या सॉफ्टवेअर लायब्ररीची देखभाल करतो आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो, तेव्हा सोप्या कामांची यादी चालवणं किती अवघड आहे ते कळतं. जे काम मी स्वतः पाच मिनिटांत करून मोकळा होईन, ते कुणीतरी नवखा येईल म्हणून तीन आठवडे तसंच ठेवायचं. मग तो आला की त्याला समजावण्यात तास घालवायचा, आणि त्याने ते पाच वेळा चुकवलं तरी आवाज चढू द्यायचा नाही. हिशेबात हे तोट्याचं आहे. नवख्यांपैकी बहुतेक एक काम करून जातात, फार थोडे टिकतात. लिबरऑफिसच्या मंडळींनी हा तोटा डोळे उघडे ठेवून पत्करला, आणि तोही पहिली आवृत्ती काढायची घाई असताना.

२५ जानेवारी २०११ रोजी लिबरऑफिस ३.३ आलं. फाउंडेशनने तेव्हा सांगितलं की सप्टेंबर अखेरीस विसाहून कमी असलेले डेव्हलपर आता शंभराच्या वर गेले आहेत. आकडा त्यांचाच, तेव्हा थोडा जपूनच घ्यावा. दोन शब्द बदलणाराही त्यात मोजलेला असणार. तरी चार महिन्यांत शंभर माणसांनी त्या जुन्या, जर्मन, तासन्तास बांधाव्या लागणाऱ्या कोडाला हात लावला, ही गोष्ट आधीच्या दहा वर्षांत घडली नव्हती.

बाकीचं घर हळूहळू आवरलं गेलं. डीमेक जाऊन नेहमीचं मेक आलं, विखुरलेल्या रेपॉझिटऱ्या (कोडाची कोठारं) एका ठिकाणी आल्या, २०१२ मध्ये तपासणीसाठी गेरिट नावाचं साधन आलं. आवृत्त्या दर सहा महिन्यांनी, ठरल्या वेळी. तयार नसेल ते वैशिष्ट्य पुढच्या गाडीने जाईल.

पन्नास हजार युरो

संस्था जाहीर झाली होती, पण कायद्याच्या नजरेत ती अजून नव्हतीच. जर्मनीत फाउंडेशन उभारायचं ठरलं, कारण तिथल्या कायद्यात एकदा लिहिलेला उद्देश पुढच्या संचालकांना सहजासहजी बदलता येत नाही. त्यासाठी भांडवल हवं होतं ५० हजार युरो. फेब्रुवारी २०११ मध्ये आवाहन केलं आणि आठ दिवसांत रक्कम जमली, तीही लोकांच्या छोट्या-मोठ्या देणग्यांतून. कागदपत्रांना त्यापुढे वर्ष लागलं, आणि बर्लिनमध्ये १७ फेब्रुवारी २०१२ रोजी नोंदणी झाली. मतदानाचा हक्क काम करणाऱ्यांना, मग ते काम कोडाचं असो की भाषांतराचं. एकाच कंपनीच्या लोकांना संचालक मंडळात ठराविक मर्यादेपलीकडे जागा घेता येणार नाहीत, हेही लिहून ठेवलं. आधीच्या घरात जे पोळलं होतं तेच कलमांत उतरलं.

नाव ज्यांच्याकडे राहिलं

एप्रिल २०११ मध्ये ओरॅकलने ओपनऑफिसचा धंदा थांबवत असल्याचं सांगितलं, आणि १ जूनला कोड आणि नाव अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे सोपवलं. आयबीएमचा त्याला पाठिंबा होता, कारण तिला आपल्या सिंफनी या ऑफिस सॉफ्टवेअरसाठी अपाचीचा मोकळा परवाना सोयीचा होता. हे अनेकांना डिवचणारं वाटलं. पण अपाची ही काही कागदी संस्था नव्हती. समुदाय कसा चालवावा याचा तिच्याइतका अनुभव थोड्यांकडेच असेल.

तरी अपाची ओपनऑफिस ३.४ यायला मे २०१२ उजाडला. बराच वेळ अपाचीच्या परवान्याशी न जुळणारे भाग काढण्यात गेला. तेवढ्यात लिबरऑफिसच्या ३.४ आणि ३.५ येऊन गेल्या होत्या. अपाचीच्या आवृत्तीचे डाउनलोड मात्र एप्रिल २०१४ पर्यंत १० कोटींवर गेले. नावाची ताकद ती एवढी. लोक शोधयंत्रात 'ओपनऑफिस' लिहीत आणि जे पहिलं येईल ते उतरवून घेत. पण त्या १० कोटींतून कोड लिहिणारे आले नाहीत. त्याच महिन्यात आलेल्या ४.१ नंतर कित्येक वर्षं फक्त ४.१.१, ४.१.२ अशा डागडुजीच्या आवृत्त्या निघाल्या. २०१६ मध्ये सुरक्षेतलं एक छिद्र उघड झालं तेव्हा दुरुस्त आवृत्ती वेळेत काढायलाही माणसं कमी पडली. आधी हाताने बसवायचा पॅच दिला, आणि ४.१.३ ऑक्टोबरमध्ये आली. त्या सप्टेंबरमध्ये प्रकल्पाच्या तत्कालीन अध्यक्षांनी विचारलं की प्रकल्प निवृत्त करायचा झाला तर काय काय करावं लागेल. निवृत्ती झाली नाही. प्रश्न विचारला गेला, हेच पुरेसं बोलकं.

यावरून 'समुदाय जिंकला' असा निकाल द्यायला मी तयार नाही. प्रयोग स्वच्छ नव्हता. लिबरऑफिसकडे नोव्हेल आणि रेड हॅटचे पगारी डेव्हलपर होते, वितरणं होती, आठ महिन्यांची आघाडी होती. त्यात परवान्यांची झडप एकाच बाजूने उघडणारी: अपाचीचा कोड लिबरऑफिसला घेता येई, उलट दिशेने मात्र जात नसे. तिकडे कुणी चांगलं काम केलं तर ते दोन्हीकडे, इकडचं फक्त इकडे. असं असताना कष्ट करणारा माणूस कोणत्या बाजूला बसेल, हे परवान्यानेही थोडं ठरवलंच.

बिल कोण भरतं

लिबरऑफिसच्या घरातही सगळं गोडीगुलाबीने चाललं नाही. ईझी हॅक्सने माणसं आली, पण पानाची मांडणी, फाइलींची सुसंगतता, सुरक्षा ही जड कामं बहुतांशी कंपन्यांतले पगारी डेव्हलपरच करत राहिले. २०१३ मध्ये सुसे या लिनक्स कंपनीची लिबरऑफिस टीम कोलाबोरा या कंपनीकडे गेली, आणि या कंपन्यांचा प्रश्न साधा होता: आम्ही खर्च करायचा, वापरणाऱ्या मोठ्या संस्थांनी सगळं फुकट घ्यायचं, तर पगार कुठून द्यायचे?

जुलै २०२० मध्ये ७.०च्या चाचणी आवृत्तीवर 'पर्सनल एडिशन' असे शब्द झळकले. हेतू असा की मोठ्या संस्थांनी आधार देणाऱ्या कंपन्यांकडे जावं. स्वयंसेवकांना वाटलं, आपलं घर आता दोन मजल्यांचं होतंय आणि आपल्याला तळमजला दिला. गदारोळ झाला आणि शब्द मागे घेतले. पुढच्या ७.१ वर 'कम्युनिटी' असा सौम्य शब्द आला.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या लिबरऑफिस ऑनलाइनवर मात्र तोडगा निघाला नाही. त्याचा बहुतेक कोड कोलाबोराने लिहिलेला. तो फाउंडेशनच्या नावाने तयार बांधून फुकट द्यावा की नाही, यावर वर्षानुवर्षं घासाघीस चालली. शेवटी २०२०च्या शरद ऋतूत कोलाबोराने आपलं काम वेगळ्या ठिकाणी हलवलं आणि नाव ठेवलं कोलाबोरा ऑनलाइन. कंपनीचे प्रमुख होते मायकल मीक्स. २००८ मध्ये कमिट मोजणारे, २०१० मध्ये फाउंडेशनच्या स्थापनेत असलेले, तेच.

कोड खुला होता, त्यामुळे फाउंडेशनकडे त्याची प्रत जशीच्या तशी उरली. परवाना उरला, नावही उरलं. हात लावणारी माणसं तेवढी दुसरीकडे गेली. २०२२ मध्ये संचालक मंडळाने ती रेपॉझिटरी 'ॲटिक'मध्ये, म्हणजे आपल्या भाषेत माळ्यावर, टाकायचं ठरवलं.